पहिलं नको

आमच्याकडे जेवून गेलेला पाहुणा दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कूस बदलत नाही, असं इंदूरच्या रामबागेत अजून म्हणतात. त्यात अतिशयोक्ती असलीच तर ती फार तर तासाभराची. आग्रह ही आम्हा टोकेकरांची खानदानी विद्या. आजोबा होळकरांच्या दफ्तरात साधे कारकून होते, पण पंगतीत वाढायला उभे राहिले की सरदार वाटत. वडील, बाळकृष्णपंत, त्यांच्याही पुढे गेले. त्यांनी या विद्येचा नियमच बसवला होता. "पहिलं नको रीतीचं, दुसरं संकोचाचं, तिसरं पोटाचं. तिसरं ऐकू येईस्तोवर हात थांबवायचा नाही."

मी अशोक टोकेकर. पलासियाच्या बँकेत तेहतीस वर्षं झाली. तिथे काय दिवे लावले ते विचारू नका. पण मराठी समाजातलं कुठलंही लग्न असो, जिलबीचं ताट शेवटी माझ्याच हातात येतं. माझ्या पंक्तीतून दोनच जिलब्या खाऊन उठलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही.

हे सगळं एवढ्यासाठी सांगतोय की माझी फजिती कुठून सुरू झाली ते तुम्हाला कळावं.

माझी मुलगी ऋजुता. वय एकोणीस. डाउन सिंड्रोम घेऊन जन्माला आली. पहिली सहा वर्षं तर आमची घरी कमी आणि हॉस्पिटलात जास्त गेली. हृदयाला भोक होतं, दोन ऑपरेशनं झाली. त्यातून निभावली आणि मग मागे वळून पाहिलं नाही. तिचं बोलणं सावकाश, वाक्यं आखूड, पण शब्द वाया घालवत नाही. हा गुण माझ्याकडून आलेला नाही, हे माझी बायको सुहासिनी कोणालाही सांगेल.

ऋजूची विशेष मुलांची शाळा होती. चांगली होती. पण ती अठराव्या वर्षापर्यंतच. एप्रिलमध्ये निरोपसमारंभ झाला, फुगे झाले, केक झाला, फोटो झाले. पुढच्या सोमवारी सकाळी साडेसातला पाहतो तर ही गणवेश घालून, दप्तर नि पाण्याची बाटली घेऊन पायरीवर बसलेली.

"व्हॅन येणार नाही आता, ऋजू," मी म्हटलं. "शाळा संपली तुझी."

"मग मी कुठे जाऊ?"

 उत्तर नसलं की मला राग येतो. मी पेपरवाल्यावर ओरडून घेतलं, मग दूधवाल्यावर, आणि बँकेत जाऊन एक निळी फाइल आणली. त्यात इंदुरात शाळेनंतर अशा मुलांसाठी काय काय आहे ते सगळं गोळा करायला लागलो. मुक्त विद्यालयाचे फॉर्म, शिवणकाम, कॉम्प्युटर, कागदी पिशव्या, बागकाम. महिन्याभरात फाइल इतकी जाड झाली की तिची गाठ बसेना.

सुहासिनी शाळेत शिकवते. तिने फाइल चाळली आणि एकच प्रश्न विचारला. "अहो, तिला विचारलंत का?"

"तिला काय कळणार आहे यातलं?"

हे वाक्य मी बोललो होतो, ते लपवत नाही. आता आठवलं की कानाची पाळी गरम होते.

पहिली स्वारी निघाली कॉम्प्युटर क्लासला, बँकेच्या मागच्याच गल्लीत. तिथले सर मोठे उत्साही. ऋजूकडे न बघताच म्हणाले, "हो जाएगा सर, सब हो जाएगा! डेटा एंट्री में तो ऐसे बच्चे बहुत आगे जाते हैं." जिना उतरताना ऋजूने माझी बाही धरली. "नको, बाबा."

मी मनात मोजलं. एक. हे रीतीचं.

प्रवेश घेतला. तीन आठवडे ती रोज जायची आणि रोज तेच एक पान घेऊन यायची. ABCD, खाली तारीख. सर पलीकडे फोनवर. "बाबा, मला नको," ती म्हणाली. दोन. हे संकोचाचं, रुळेल हळूहळू. चौथ्या आठवड्यात एका सकाळी तिचे बूट सापडेनात. घरभर शोधलं. बूट तांदळाच्या डब्यात होते आणि ऋजू डब्यावर बसलेली होती. हे मी तिसरं धरलं.

दुसरी स्वारी घराजवळच. आमच्या मागच्या गल्लीत एक कार्यशाळा आहे, तिथे अशी वीसेक मुलं पणत्या रंगवतात, पाकिटं चिकटवतात. माणसं फार प्रेमळ, त्यांच्याविषयी मी एक अक्षर वावगं ऐकून घेणार नाही. आणि खरं सांगू का, आमच्या गच्चीतून तिथलं अंगण दिसतं. मला एवढंच हवं होतं. ती तिथे बसेल, मी निवृत्त होईन, गच्चीत खुर्ची टाकीन आणि आयुष्यभर तिच्यावर नजर ठेवीन.

ऋजू दोन दिवस गेली. "पणत्या छान आहेत," ती म्हणाली. "मला नको."

"सवय होईल, बेटा," मी म्हटलं.

तेवढ्यात सुहासिनीने शाळेतल्या कोणाकडून तरी एक कागद आणला. शहराबाहेर राऊला एक केंद्र आहे, तिथे विशेष मुलांना खानपानाचं काम शिकवतात. भाजी चिरणं, टेबल मांडणं, वाढणं, भांडी आवरणं. तीन महिने केंद्रात पाहायचं, जमलं तर पुढचे नऊ महिने एखाद्या खऱ्या कँटीनमध्ये काम करत शिकायचं. कागदावर ॲप्रन घातलेल्या एका मुलीचा फोटो होता. ऋजूने तो कागद घेतला, बराच वेळ पाहिला.

"हो," ती म्हणाली.

"राऊ?" मी उडालोच. "कुठे रामबाग, कुठे राऊ! बस बदलून जायचं? बिल्कुल नाही. नको म्हणजे नको, सुहास, डोकं ठिकाणावर आहे का? नको!"

माझी तीन नको एका दमात झाली. कोणी ढुंकूनही पाहिलं नाही.

शेवटी मी अट घातली. तीन महिन्यांनी जर कुठल्या कँटीनवाल्याने तिला घेतलं तर ठीक. नाहीतर मुकाट्याने मागची गल्ली आणि पणत्या, पुन्हा वाद नाही. सुहासिनी कबूल झाली. ऋजू दोघांकडे आळीपाळीने बघत होती. "ठीक," ती म्हणाली, आणि आत जाऊन आपले बूट स्वतःच घेऊन आली.

पहिले पंधरा दिवस सुहासिनी तिच्याबरोबर बसने गेली. मग ऋजू एकटी जायला लागली, म्हणजे तिला तसं वाटावं अशी व्यवस्था मी केली. मी स्कूटरवरून बसच्या मागे. राजवाड्याच्या गर्दीतून रोज जीव मुठीत धरून, सिग्नल तोडत, लोकांच्या शिव्या खात सहा दिवस गेलो. सातव्या दिवशी मोबाइल वाजला. ऋजूचा निरोप होता, तिच्याच आवाजात. "बाबा, तू दिसतोस. हेल्मेट नीट घाल."

त्यानंतर मी गेलो नाही. सांगायला हरकत नाही, पुढचा आठवडाभर बँकेत मी एकही बेरीज धड केली नाही.

केंद्रातली शिकवणारी मुलगी श्रिया. सांगलीची, दोनेक वर्षांपूर्वी नोकरीसाठी इंदूरला आलेली. तिची शिकवण्याची पद्धत म्हणजे चित्रांची कार्डं. हात धुणे, एक कार्ड. ताट पुसणे, एक कार्ड. वाढण्याची तीन कार्डं होती आणि ती ऋजूने घरी फ्रिजवर लावली होती. एकदा विचारायचं. उत्तर ऐकायचं. तसं करायचं.

या तीन कार्डांनी माझ्या घराण्याच्या कीर्तीला सुरुंग लावला. माझा चुलतभाऊ हृषीकेश जेवायला आला होता. ऋजूने विचारलं, "काका, भात?" तो रीतीप्रमाणे म्हणाला, "नको गं." ऋजू "बरं" म्हणाली आणि भात आत घेऊन गेली. हृषीकेश जागच्या जागी थिजला. नंतर कळलं की त्याने कोपऱ्यावर दोन कचोऱ्या खाल्ल्या, तेव्हा त्याच्या जिवात जीव आला. टोकेकरांच्या घरून उपाशी गेलेला तो पहिला माणूस!

मी तडक श्रियाला फोन लावला. "मॅडम, तुमचं शिक्षण चांगलं आहे, पण क्या है ना, हे इंदूर आहे. इथे मनुहार लागते. लोक नको म्हणतात आणि वाट बघतात. दोनदा, तीनदा विचारावं लागतं."

"काका," ती शांतपणे म्हणाली, "समोरचा माणूस मोठा असतो ना? त्याला हवं असेल तर तो हवं म्हणेल."

"सांगलीत म्हणत असेल!" मी म्हटलं आणि फोन ठेवला.

तीन महिने संपले. शेवटच्या शनिवारी केंद्रात जेवण ठेवलं होतं. रांधणारी मुलं, वाढणारी मुलं, आणि पाहुण्यांत आईबाप नि मालोजीराव. हे मालोजीराव म्हणजे राऊच्या भागातलं मोठं प्रस्थ. एका हॉस्पिटलची आणि एका इंजिनिअरिंग कॉलेजची, दोन्ही कँटीनं त्यांची. मिशा पांढऱ्या, आवाज ढोलासारखा. ते जेवून कोणाला निवडतात त्यावर सगळं ठरणार होतं. ऋजूसाठी निवड म्हणजे कँटीन, नाहीतर पणत्या.  येताना बसमध्ये ॲप्रनची पिशवी मांडीवर घेऊन ती तिन्ही कार्डं बोटांवर मोजत होती.

आणि मी? मला काय हवं होतं ते माझं मलाच कळत नव्हतं. ती नापास व्हावी असं कोणत्या बापाला वाटेल? पण गच्चीतली ती खुर्ची डोळ्यांपुढून हलत नव्हती.

बेत दाल-बाफल्यांचा होता. आमच्या माळव्यात दाल-बाफले म्हणजे आग्रहाचा आखाडाच. कणकेचे गोळे उकडायचे, भाजायचे, तुपात बुडवायचे, आणि मग माणूस हात जोडेपर्यंत पानात टाकत राहायचे. वर लाडू. मी मालोजीरावांच्या शेजारी बसलो, पलीकडे सुहासिनी, समोर एका मुलाचे वडील, चांगले भरदार गृहस्थ, बाफल्याकडे डोळे लावून बसलेले. आमच्या टेबलाला वाढायला ऋजू होती.

पहिला बाफला सगळ्यांच्या पानात पडला. दाल आली, कढी आली. ऋजू तुपाने चमकणारे बाफले घेऊन फेरीला निघाली. केस जाळीत बांधलेले, ॲप्रन कडक इस्त्रीचा. माझ्या पोरीला मी असं कधी पाहिलं नव्हतं. छाती भरून आली.

"बाफला घ्याल?" तिने मालोजीरावांना विचारलं.

त्यांनी पानावर हात आडवा धरला. "बस बस. नको."

"बरं," ऋजू म्हणाली आणि पुढे गेली.

"अंकल, बाफला?"

भरदार गृहस्थ हसले. "अरे नहीं बेटा, बहुत हो गया." त्यांच्या पानात अर्धा बाफला होता.

"ठीक है, अंकल," म्हणून ती आणखी पुढे गेली. आमचं टेबल संपलं. एकूण एक माणसाने शहाण्यासारखं नको म्हटलं होतं आणि ऋजूने एकूण एकाचं ऐकलं होतं. बाफल्यांचं पातेलं होतं तसं भरलेलं परत गेलं. भरदार गृहस्थ रिकाम्या ताटात बोटाने दालीचे गोल काढत बसले.  मालोजीराव मिशीला हात लावत होते.

गेली, मी मनात म्हटलं. हातातली गेली. ती लाडवांची परात घेऊन जवळून चालली तशी मी तिला खुणावलं. "ऋजू, परत विचार सगळ्यांना."

"विचारलं, बाबा."

"अगं, परत!"

"विचारलं," ती म्हणाली आणि मालोजीरावांकडे वळली. "लाडू घ्याल?"

"नको, बेटा."

"बरं."

आता मात्र मला राहवेना. तीन पिढ्यांचं रक्त उसळलं म्हणा किंवा बापाचं काळीज म्हणा, मी उठलो, तिच्या परातीतला एक लाडू उचलला आणि मालोजीरावांच्या पानावर नेला. "असं कसं चालेल, मालोजीराव! आमच्या नावाने एक!"

"नको हो, टोकेकरजी. खरंच नको."

"हे दुसरं झालं!" मी मोठ्याने हसलो. "आता फक्त तिसरं राहिलं!"

माझा हात खाली यायच्या आत मध्ये एक हात आला. ऋजूने परात टेबलावर ठेवली होती आणि आपला पंजा मालोजीरावांच्या ताटावर आडवा धरला होता.

"बाबा. ते नको म्हणाले. मी ऐकलं."

"अगं, लोक तसंच म्हणतात, बेटा. म्हणायचं असतं तसं."

"मीपण म्हणते," ऋजू म्हणाली. "कॉम्प्युटर नको म्हटलं. पणत्या नको म्हटलं. तू ऐकत नाहीस."

आवाज चढलेला नव्हता. बाफला घ्याल का, हे ज्या आवाजात विचारलं त्याच आवाजात ती हे बोलली.  माझ्या हातात लाडू, आणि तो कुठे ठेवावा ते मला कळेना. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. लोकांपुढे बोलली म्हणून नाही. खरं बोलली म्हणून.

मालोजीरावांनी खिशात हात घातला आणि गोळ्यांची एक डबी काढून टेबलावर ठेवली.

"भिया," ते इंदुरी थाटात मला म्हणाले, "बारा वर्षं झाली, शुगर आहे मला. प्रत्येक लग्नात नको म्हणतो. तीनदा म्हणतो, चारदा म्हणतो, हात जोडतो. तरी कोणी ना कोणी भला माणूस पानात टाकतोच. पानात पडलेलं टाकवत नाही, मग खातो, आणि घरी जाऊन बायकोच्या शिव्या खातो. मागच्या वैशाखात तर पाच जिलब्या झाल्या. तुमच्याच हातच्या होत्या."

मला आठवलं. मोठ्या अभिमानाने वाढल्या होत्या मी त्या.

"पहिल्याच नकोला थांबलेली ही बारा वर्षांतली पहिली," ते ऋजूकडे बघून म्हणाले.

तेवढ्यात समोरचे भरदार गृहस्थ खाकरले. मान खाली, कान लाल. "बेटा... वो... बाफला बचा है क्या?"

"है, अंकल. कितने?"

"दो."

"घी?"

"ज़्यादा," ते म्हणाले, आणि टेबलावर हशा पिकला. मग काय, धरणच फुटलं. मला एक, मला अर्धा, दाल इकडे, चटणी आहे का? पन्नाशी उलटलेली माणसं जन्मात पहिल्यांदा भर पंगतीत तोंडाने मागून खात होती. पातेलं दोनदा भरून आलं. मीसुद्धा हळूच म्हटलं, "ऋजू, मला एक."

"काय एक?"

"बाफला गं."

तिने वाढला. लाडू माझ्या हातात होताच, तो मी खाऊन टाकला.

जेवणं झाल्यावर मालोजीरावांनी ऋजूला बोलावलं. श्रिया शेजारी येऊन उभी राहिली. "बेटा, माझ्या हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये तुझ्यासारखीच मुलगी पाहिजे. पेशंटला जे लिहून दिलंय तेच द्यायचं, वर काही नाही. येशील?"

ऋजूने क्षणभर विचार केला.

"नको," ती म्हणाली.

श्रियाचा चेहरा उतरला. सुहासिनीने माझं मनगट घट्ट धरलं. मला सगळं एका क्षणात दिसलं. माझीच अट होती. कँटीन नाही तर पणत्या. गच्ची, खुर्ची, सगळं हातात येऊन पडलं होतं. आणि दुसरीकडे जिभेवर शब्द तयार होते. "लाजतेय ती, मालोजीराव. तिचं हो समजा." यातलं काहीही मी बोललो असतो. बोललोच होतो एकोणीस वर्षं.

तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. लाजली वगैरे नव्हती. एका प्रश्नाचं एक उत्तर दिलं होतं आणि ते कोणी ऐकतंय का, याची वाट बघत उभी होती.

"का नको, ऋजू?" मी विचारलं.

साधा प्रश्न होता. फाइल इतकी जाड केली, पण हा प्रश्न मी तिला कधी विचारला नव्हता.

"हॉस्पिटल नको," ती म्हणाली. "मी तिथे खूप राहिले. तिथला वास येतो. सुया." तिने छातीवर, ॲप्रनवरून, जिथे टाक्यांची खूण आहे तिथे हात ठेवला. "कॉलेज पाहिजे. तिथे मुलं असतात."

सुहासिनी तोंड फिरवून पदराने डोळे पुसायला लागली. आम्ही दोघं समजत होतो की तिला त्यातलं काही आठवत नाही. एवढीशी तर होती. आम्ही कधी विचारलंच नव्हतं.

मालोजीरावांनी गोळ्यांची डबी खिशात ठेवली. मग म्हणाले, "कॉलेजात गडबड फार असते, बेटा. दहाच्या सुट्टीत दोनशे पोरं एकदम तुटून पडतात. भीती वाटेल."

"वाटेल."

"मग?"

"एकेकाला विचारीन."

मालोजीराव असे हसले की भांडी वाजली. "चलो, कॉलेज तर कॉलेज. सोमवारपासून ये." हॉस्पिटलचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही.

त्या रात्री मी निळी फाइल माळ्यावर टाकली. गच्चीतली खुर्ची मात्र ठेवली आहे, तिच्यावर सुहासिनी पापड वाळवते.

दीड महिन्याने एका शनिवारी मी बँकेतून हाफ डे घेऊन कॉलेजच्या कँटीनमध्ये गेलो. श्रियाला आधी विचारून गेलो, हे नमूद करतो. ऋजू पोह्यांच्या टेबलाशी होती. समोर पोरांची ही रांग, पण ढकलाढकल नाही. सगळ्यांना ठाऊक होतं की ही एकदाच विचारते, तेव्हा पोरं आपला नंबर यायच्या आधीच मनाशी ठरवून तयार असत. कोणी "ऋजू दीदी, सेव ज़्यादा" म्हणे, कोणी "प्याज़ नहीं". ती मान हलवायची आणि तसं करायची. मी रांगेत उभा राहिलो. माझ्या पुढच्या पोराशी ती काहीतरी बोलून हसली. काय ते मला ऐकू आलं नाही, पण असं हसताना मी तिला शाळेतही पाहिलं नव्हतं.

माझा नंबर आला. तिने मला ओळख दाखवली नाही, कामावर होती.

"सेव, जिरावन मसाला?"

"नको नको," मी म्हटलं. साठीला टेकलेली जीभ, दुसरं काय म्हणणार!

"बरं," ऋजू म्हणाली आणि बशी माझ्या हातात देऊन मागच्या मुलाकडे वळली.

इंदुरात जन्मलेला मी, त्या दिवशी बिनसेवेचे, बिनजिरावनाचे पोहे खाल्ले. परत जाऊन मागता आलं असतं, पण रांग मोठी होती आणि चूक माझी होती. कोपऱ्यातल्या बाकड्यावर बसून, ती दिसेल अशा बेताने, मी बशी निपटली.

चारला तिचं काम संपलं. ॲप्रन घडी करून पिशवीत घातला, हात धुतले, आणि माझ्याजवळ आली. आता ओळख दिली. गालाला हात लावून म्हणाली, "बाबा, पोहे कसे होते?"

"सपक," मी म्हटलं. "ऋजू, स्कूटर आणलीय मी. हल्ली अंधार लवकर पडतो. घरी बरोबर जाऊ या?"

"नको. मी बसने येते."

बसला गर्दी असेल, अंधार होईल, दमली असशील, मी एवढ्या लांब आलोय, सगळं जिभेच्या टोकावर येऊन उभं राहिलं. वडिलांचा आवाजसुद्धा कानात आला, पहिलं रीतीचं. ऋजू पिशवी खांद्याला लावून माझ्याकडे बघत होती.

"बरं," मी म्हटलं.

ती फाटकातून बाहेर पडली आणि बस थांब्याकडे चालायला लागली. मी स्कूटर सुरू केली, हेल्मेट नीट घातलं, आणि दुसऱ्या रस्त्याने घरी आलो.